कोर्टाच्या साहेबांसाठी सडा

ऐंशी सालाच्या आगेमागे नाशिकजवळच्या आमच्या मळ्याला लागून खडीची खाण सुरू झाली. खाणीत झरे फुटले की मालक इंजिन लावून ते पाणी ओढ्यात सोडून द्यायचा. आमची विहीर बघता बघता आटली. वडिलांनी कोर्टात दावा लावला, उपसा थांबवा आणि नुकसान भरून द्या.

विहीर बघायला कोर्टाने कमिशनर नेमला. साहेब घरी येणार म्हटल्यावर आईची झोप उडाली, पण दाव्याच्या काळजीने नव्हे. घरात पाण्याचा ठणठणाट आणि पाहुणा दारात, हे तिला सोसणारं नव्हतं. पहाटेच पलीकडच्या मळ्यातून तिने बैलगाडीने पिंपभर पाणी मागून आणलं. रांजण भरला, अंगणात सडा घातला, साहेबांना पाय धुवायला बादली ठेवली. वडिलांनी सगळं बघितलं आणि साहेबांना बसायला ओट्यावर घोंगडी अंथरली.

साहेबांनी कोरडी विहीर पाहिली, चहा घेतला आणि दिसलं ते सगळं लिहून नेलं. सडासुद्धा.

खाणवाल्याच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. साक्षीच्या पिंजऱ्यात वडिलांना विचारलं, रांजणातलं पाणी कुठलं? आमचा वकील डोळ्यांनी खुणावत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वडिलांनी टोपी सारखी केली.

"घरचंच हाय, साहेब. पावन्याला मागून आणलेलं पाजत नाय आम्ही."

मी मागच्या बाकावर शरमेने अर्धमेली झाले. इतका ताठा माणसाने कुठे दाखवावा याला काही सुमार! पाणी गेल्याचं शाबीत होत नाही, असं म्हणून कोर्टाने दावा फेटाळला. खाणीचं इंजिन चालूच राहिलं.

निकालानंतर आई आणि मी हंडे घेऊन पुन्हा त्याच मळ्यात गेलो. खाण आता त्यांच्या विहिरीकडे सरकत होती, त्यांचाही जीव आमच्या दाव्यावर टांगलेला. तिथल्या म्हातारीने आमचे हंडे भरता भरता विचारलं, केसचं काय झालं?

आईने मान वर केली नाही. "तारीख पडली," म्हणाली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

म्हातारीने माझ्या हंड्यात अजून एक तांब्या ओतला. "मंग पुढच्या तारखेला आम्हाला बी ने गं," ती म्हणाली. "रांजणातल्या पाण्याचं विचारलं म्हनं कोर्टात. ते पाणी आमचं होतं म्हणून सांगू."