साहेबांच्या मापाचा हेडसेट

"काका, डोळे चांगले आहेत तुमचे. फक्त जोडीने चालत नाहीत," बुरहानपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. आजाराचे नाव कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी. म्हणजे जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळवण्याची शक्ती अपुरी असणे. मला मात्र क्रेनचालकाची जागा मिळेल का, एवढेच जाणून घ्यायचे होते.

आमच्या कागद कारखान्यात क्रेन चालवणे आता आधी हेडसेटवर शिकवतात. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा बांधला की समोर खोटी क्रेन खरी वाटू लागते. एम.ए. होऊन गोदामात वर्षे काढल्यावर, पन्नाशीत मी त्या वर्गात बसलो. पहिला मान साहेबांचा. त्यांनी चकती फिरवून भिंगांमधील अंतर स्वतःच्या डोळ्यांना जुळवले आणि हेडसेट पुढे दिला. साहेबांनी लावलेली चकती मग कोणीच हलवली नाही. मीही नाही.

मला एका हुकाचे दोन दिसू लागले. कपाळ ठणकले आणि मी सर्वांदेखत ओकलो.

"काका, दोन-दोन क्रेन दिसून राहिल्या तर पगार बी डबल मागा ना," तरुण सहकारी प्रमोद म्हणाला. वर्ग हसला. त्यांच्याबरोबर मीही हसलो. साहेबांनी मला अपात्र ठरवले.

डॉक्टरबाईंनी समजावले ते असे. एरवी वस्तू जवळ आली की बुबुळे आत वळतात आणि डोळ्यातील भिंगही जवळच्या अंतराला जुळते. हेडसेटमध्ये हुक नाकाशी आलासा वाटला, तरी पडद्याची प्रतिमा दूरच्या, ठरलेल्या अंतरावरच असते. बुबुळांना जवळ पाहावे लागते, भिंगाला दूर. ही ओढाताण सर्वांचीच होते; माझ्या दुबळ्या डोळ्यांना ती झेपली नाही. त्यांनी पट्टीने माझ्या बाहुल्यांमधील अंतर मोजले. ते फारच कमी निघाले. साहेबांच्या रुंद मापाला लावलेल्या हेडसेटच्या भिंगांमुळे बुबुळांना आणखी आत वळावे लागले होते.

"चकती का नाही फिरवली?"

"साहेबांनी लावलेली होती," मी म्हणालो.

पेन्सिल हातभर अंतरावर धरायची, टोक एकच दिसेल असे जपत हळूहळू नाकाकडे आणायची. कित्येक आठवडे हा व्यायाम केला. दुखणे गेले. मी डॉक्टरबाईंचे प्रमाणपत्र घेऊन साहेबांकडे गेलो.

"डोळे ठीक झाले, चांगलं झालं," ते म्हणाले. "पण जागा तर भरली ना."

डॉक्टरबाईंचा मी ऋणी आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाला असा हेडसेट बांधावा लागला, तर आधी कोणीही लावलेला असो, चकती आपल्या डोळ्यांसाठी फिरवून घ्यावी. तेवढ्यासाठीच हे लिहिले.

क्रेनवर आता प्रमोद असतो. मी खालून जाताना तो हुक माझ्या डोक्याजवळ आणून थांबवतो आणि वरून विचारतो, "काका, किती दिसून राहिले?"

"एक," मी सांगतो. आता तो अगदी स्पष्ट दिसतो.