कपाटातली चाळीस पुस्तकं

आमच्या झाशीच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियम होता: दहा वर्षं जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही, ते बाद. मराठीच्या कपाटात चाळीस पुस्तकं होती. बड्या बाजारातलं एक मराठी कुटुंब पुण्याला गेलं, ते जाताना ती देऊन गेलेलं. इथं ती नेणार कोण, भुतं? म्हणून दर काही वर्षांनी मीच ती माझ्या कार्डावर चढवायची, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायची आणि पंधरा दिवसांनी उतरवायची. पुस्तकं जागची हलतही नसत. नोकरीभर हे केलं, आणि त्याचा मला गर्वही होता.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा नव्या ग्रंथपालांनी संगणकावर यादी काढली. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, कानपूरकडचे. पुस्तकं चाळीस, वाचक एकच.

"दीदी, ये सब आपने पढ़ी हैं?"

"हां जी," मी म्हणाले.

"आपके बाद तो इन्हें कोई ले जाएगा नहीं. जो रखने लायक हों, उन पर दो-दो लाइन लिख दीजिए. मैं बचा लूंगा."

त्यांनी संशय घेतला असता तर बरं झालं असतं. मी एकही वाचलं नव्हतं. आमच्या घरी मराठी बोलत, पण शाळा सगळी हिंदीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मलपृष्ठांवरून उतरवून चाळीस शिफारशी दुपारभरात झाल्या असत्या. खोट्या तारखा मारताना हात कधी अडला नव्हता, या वेळी अडला. लाज वाटली.

मग एक पुस्तक खरंच घरी नेलं. खेड्यातल्या एका शिक्षिकेच्या आठवणी, फार थोर काही नव्हे. ओळीवर बोट ठेवून वाचायची, अडलं की मोठ्यानं वाचायची, मग कळायचं. दोन-तीन ठिकाणी आईचे शब्द भेटले. ती गेल्यापासून ते मी ऐकले नव्हते. आठ दिवसांत तेवढं एकच पुरं झालं.

शेवटच्या दिवशी दोन ओळी लिहून दिल्या.

"बस एक?"

"एक ही पढ़ी है," मी म्हणाले.

त्यांनी यादीकडे पाहिलं आणि ते एक सोडून बाकी नावांवर रेघ मारली. एकोणचाळीस पुस्तकं माझ्यासमोर पोत्यांत भरली गेली. वाईट वाटलं. उरलेलं एक कपाटात लावण्याआधी त्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. माझ्या हातच्या त्या साऱ्या तारखांत तेवढी एक खरी आहे.