साडूंच्या फटफटीचं बेअरिंग

नागपुरात जे जे म्हणून फिरतं, त्या सगळ्याचं बेअरिंग गेलेलं आहे असं मनापासून मानणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मोठा साडू म्हणून आला. पंखा असो, पिठाची गिरणी असो, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप असो, साडू त्याच्यासमोर उभे राहतात, मान तिरपी करतात, डोळे मिटतात आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात सांगतात, "बेअरिंग गेलं." माझ्या लग्नाचा एक फोटो आहे. त्यात सगळं वऱ्हाड नवरा-नवरीकडे बघतंय आणि साडू, थोरले जावई म्हणून फेटाबिटा बांधलेले, कार्यालयाच्या छताकडे बघताहेत. डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, हे त्यांनी मंगलाष्टकं चालू असतानाच माझ्या सासऱ्यांच्या कानात सांगितलं होतं. आणि पहिली पंगत उठायच्या आत तो पंखा खरंच बंद पडला होता, हेही कबूल केलं पाहिजे. तेव्हा त्यांचा कान तितका पक्का होता.

हा कान त्यांनी नोकरीत कमावला. एका वीज केंद्रात, टर्बाईनच्या शेजारी, त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या. हातात एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि मशीनच्या पोटातलं ऐकायचं. कान झाकायला मिळालेले जाड डबे ते इमानदारीनं रोज नेत आणि इमानदारीनं गळ्यात लटकावून ठेवत. कान झाकले तर मशीन काय म्हणतेय ते कसं कळायचं, असा त्यांचा सवाल होता. दुसरा हट्ट रीडिंगचा. काट्यावर जे दिसलं तेच कागदावर लिहायचं, मग साहेब ओरडो की कुणी हसो. या एका गोष्टीवरून त्यांनी निम्म्या खात्याशी अबोला धरला होता. घरीसुद्धा ताप एकशे एक असेल तर "शंभराच्या वर आहे" एवढं म्हणून ते सोडत नसत, दशांशासकट सांगत. रिटायर होताना त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. पेचकस त्यांनी मागून घेतला.

आता फटफटीचं सांगतो. ती त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतली. काळी टाकी, तिच्यावरच चावी, आणि आवाज असा की खाप्याला माझ्या सासुरवाडीत साडू आले हे ते वेशीवर असतानाच कळायचं. खाप्याला ते मुलगी बघायला याच फटफटीवर गेले आणि लग्नानंतर ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, याच फटफटीवर मागं बसवून नागपुरात घेऊन आले. माझ्या सासरी तेव्हा घरात माग होते. ताई सांगते, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीला त्या गाडीच्या आवाजाचं भय कसं वाटावं, उलट झोप लागायची. कन्हान नदीच्या पुलावर साडू मुद्दाम गाडी हळू करायचे. पुढं स्कूटर आली, कार आली, पण फटफटी विकायचा विषय घरात निघाला नाही. रिटायर झाल्यावर साडूंनी ती अंगणात घेतली, नवीकोरी करतो म्हणाले, आणि पहिल्याच दिवशी पेचकस लावून निकाल दिला की क्रँकच्या बेअरिंगची बारीक शिट्टी ऐकू येऊन राहिली.

झालं. त्या दिवसापासून त्यांच्या घरात शांतपणे बसता येईल अशी जागा उरली नाही. खुर्चीवर कार्बोरेटर, दिवाणावर टाकी, मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीशेजारी कार्बोरेटरची पितळी जेटं, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या. ताईनं एकदा फोडणीत एक जेट टाकलं. साडूंनी ते भाजीतून काढून धुतलं, फुंकलं आणि साफ झालं म्हणून समाधान व्यक्त केलं. माझं काम दर रविवारी बॅटरी धरण्याचं. बॅटरीचा उजेड बोटभर हलला की साडू नुसतं वर बघत, बोलत नसत. पण माणूस स्वतः एका जागी दहा मिनिटं टिकेल तर शपथ. नट सैल केला की उठले, गेटपर्यंत गेले, कान दिला, परत आले, बसले, पुन्हा उठले. मीही हळूहळू तसाच झालो. घरी जेवताना मधेच उठून मिक्सरपाशी जाऊन उभा राहायला लागलो, तेव्हा बायकोनं हात जोडले.

इंजिन खोलायचं, बेअरिंग बदलायचं, जोडायचं, किक मारायची, गाडी पोपटासारखी बोलायची, मी पेढ्यांचं नाव काढायचो. तेवढ्यात साडू पेचकस लावायचे, चेहरा उतरायचा आणि चौदाचा पाना पुन्हा बाहेर यायचा. असं पाच वेळा झालं. दसऱ्याला लोक अख्ख्या गाडीची पूजा करतात. आमच्याकडे चादरीवर सुटे भाग मांडून चाकाला वेगळं, टाकीला वेगळं, पिस्टनला वेगळं हळदीकुंकू वाहिलं जाई, आणि झेंडूचा हार घालायला गाडीला गळाच नसल्यामुळे तो माझ्या हातात राही. दर दसऱ्याला साडू म्हणत, येत्या वर्षी खाप्याला सोनं वाटायला याच गाडीवर जाऊ.

शिट्टी नुसती गाडीत होती असंही नाही. त्यांनी चांगला चालता फ्रिज काढून टाकला, कारण कॉम्प्रेसरचं बेअरिंग. शेजाऱ्याला पंप बदलायला लावला. लेआउटच्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीच्या, कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीची तीनदा लेखी तक्रार केली. घरात फिरत राहायचे, या भिंतीला कान लाव, त्या भिंतीला लाव. फक्त उन्हाळ्यात त्यांना जरा स्वस्थता असे. कूलर घरघरत असला की सगळं नागपूर निर्दोष. हिवाळ्यातही ते पाणी न घालता कूलर लावून झोपत आणि विचारलं की डासांचं कारण सांगत. मी मनात म्हणायचो, वल्ली आहे, चालायचंच.

यंदा मात्र चालण्यासारखं नव्हतं. ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की त्यानंतर मोटारसायकलवर चढण्या-उतरण्याचं नाव काढायचं नाही. ताईनं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. या वेळी तिनं सांगितलं की दसऱ्याला मला एकदा त्या गाडीवर खाप्याला जायचंय, कारनं नाही. साडू लगेच कामाला लागले आणि शिट्टीपाशी अडले. मी हट्टानं एक म्हातारा मिस्त्री आणला. त्यानं दोन चकरा मारल्या, इंजिनवर हात ठेवला आणि गाडी एक नंबर आहे, हिला आता हात लावू नका, असं सांगून चहा न घेता गेला. साडू म्हणाले, त्याचा कान गेला आहे.

ते वाक्य डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो होतो. सीताबर्डीला माझं चष्म्यांचं दुकान आहे. माझ्याकडे पहिल्यांदा येणारं निम्मं गिऱ्हाईक आधी वर्तमानपत्राला शिव्या घालतं, की हल्ली छपाई फिकी करतात, अक्षर बारीक करतात. मी भिंग डोळ्यापुढं धरतो आणि छपाई तिथल्या तिथं सुधारते. त्या दिवशी एक गृहस्थ असंच छपाईवर तावातावानं बोलत होते, आणि भिंग धरता धरता माझा हात थांबला. फ्रिज, पंप, डीपी, हिवाळ्यातला कूलर, सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर आलं. गृहस्थांना मी तसंच बसवून ठेवलं आणि दुकानाबाहेर जाऊन ताईला फोन लावला. ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "मले दोन वर्षांपासून माहीत हाय. साऱ्या लेआउटची लाईन गेली होती, पान हलत नव्हतं, आन् हे गेटपाशी उभे राहून मले विचारून राहिले का कोनाची मोटर शिट्टी मारते."

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली की या माणसानं आयुष्यात अभिमान धरला तो एका कानाचा. तोच गेला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू, ऐकलं तर बसून जातील. मी सांगावं का, असं मी विचारलं खरं, पण ती नको म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. दुसऱ्याच्या डोळ्यांतला दोष दाखवायचा माझा धंदा, पण इथं माझी जीभ रेटेना.

दसऱ्याला सकाळी मी सपत्नीक गेलो तर फटफटी अख्खी उभी. टाकी चकचकीत, चाकाखाली लिंबू, आणि हाराला या वर्षी गळा मिळालेला. पूजा झाली. साडूंनी किक मारली, तिसऱ्या किकेला गाडी बोलली आणि ती अशी बोलली की माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंचा हात मात्र पेचकसाकडे गेला. तेवढ्यात ताई नवीन लुगडं नेसून बाहेर आली, हातात स्वयंपाकघरातलं स्टूल. स्टुलावर पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून, दात आवळून ती मागच्या सीटवर बसली. साडू उकिडवे बसून इंजिनला पेचकस लावून ऐकत होते, डोळे मिटलेले. त्यांनी मान हलवली. आहे म्हणाले. उतर, अर्ध्या तासात खोलून बघतो.

ताई उतरली नाही. पुढं वाकून तिनं टाकीवरची चावी फिरवली. गाडी थांबली. अंगणात अगदी शांत झालं. साडूंनी डोळे उघडले आणि बंद का केली म्हणून विचारलं.

"आता येते का आवाज?" ताई म्हणाली.

साडू तसेच बसून राहिले. पेचकस हाडाला लावलेला, टोक बंद इंजिनवर. समोर आम्ही तिघंच होतो, नाही म्हणाले असते तरी त्यांना कोण पकडणार होतं. त्यांनी पेचकस काढला, मान एकदा या बाजूला केली, एकदा त्या बाजूला. त्या अर्ध्या मिनिटात मला पळून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "येते."

साडूंनी टाकीवर हात ठेवला आणि हळूहळू फिरवला. "मंग गाडी तं चांगली हाय," ते म्हणाले. "पाच वेळा खोललं मी हिले. उगाच." थोड्या वेळानं त्यांनी मान वर करून ताईला विचारलं, "तुले माहीत होतं?" ती हो म्हणाली. "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी गाडी खोलत होते तेच बरं होतं," ताई म्हणाली. "कान खोलायले बसले असते तं मी काय केलं असतं?"

साडू हसले. मला वाटलं होतं ते कोलमडतील, पण ते हसले, आणि मग दोन्ही हातांनी तोंड पुसावं तसं डोळ्यांवरून हात फिरवला. उठले, नळावर हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की साडूभाऊ, गेट उघडा. मी गेट उघडलं. ताईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फटफटी लेआउटच्या रस्त्यानं खाप्याकडे निघून गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मी शेवटपर्यंत तो ऐकत गेटपाशी उभा राहिलो. अशा भानगडीत मी सहसा रडत नाही, त्या दिवशी रडलो.

संध्याकाळी, सोनं वाटायला लोक घराबाहेर पडायच्या वेळी, दोघं परत आली. ताईला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. गुडघे दुखत होते आणि तोंडभर हसू होतं. कन्हानच्या पुलावर यांनी गाडी हळू केली, असं तिनं माझ्या बायकोला तीनदा सांगितलं. साडू मात्र गाडीवरून उतरले नव्हते. गाडी चालूच होती. धूर सगळा अंगणात येत होता, सोनं घेऊन आलेले शेजारी ओरडून बोलत होते, आणि साडू एका हातानं पानं घेत होते, दुसरा हात मुठीवर. ताई म्हणाली, अवो, बंद करा न आता. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मी चावीकडे हात नेला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या थोडा वेळ," ते म्हणाले. "हे चालू हाय तोवर ते ऐकू येत नाही. जातानी येतानी एकदाबी नाही आलं."

पहिल्यांदा मी त्यांना एका जागी इतका वेळ बसलेलं पाहिलं. ताईनं आतून खुर्ची मागवली आणि ती गाडीशेजारी येऊन बसली, पाय लांब करून. मी पायरीवर बसलो. टाकीतलं पेट्रोल संपत आलं होतं हे आम्हा तिघांना माहीत होतं. कुणी चावीकडे हात नेला नाही, आणि गाडी चालू राहिली.