समाचाराला आलेली आत्या

माझ्या पाच वर्षांच्या लेकीचे टॉन्सिल्स काढले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला फार बोलू देऊ नका. नातेवाइकांबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत, एवढीच त्यांची चूक. दुसऱ्या दिवशी धायरीहून माझ्या नणंदबाई शहाळं घेऊन समाचाराला आल्या. लेकीच्या पलंगावर ऐसपैस बसून त्यांनी स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा टाक्यांसकट सांगितली. तासभर. घसा कोरडा पडला म्हणून शहाळंही त्याच प्यायल्या. लेक पाय आखडून कोपऱ्यात ऐकत होती. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या, तुझं ऑपरेशन झालं ना? मग तुला अजून घरी का नाही सोडलं?"

मी तिला दटावणारच होते. पण आधी नणंदबाईंची पर्स शोधून त्यांच्या हातात दिली.