पायरीवरचं पाणी

रोज सकाळी मुअल्ला उंबऱ्यावर वाकून आधी डाव्या बुटाची नाडी बांधायची, मग उजव्या. मागे न बघता पायऱ्या उतरायची, आणि तिची आई हाजेर तिच्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओतायची. "पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये." तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरमधली प्रत्येक आई जाणाऱ्याच्या मागे पाणी ओतते. पण इतरांची मुलं आगगाडीने जात. हाजेरची मुलगी लष्कराचं विमान उडवायची.

हाजेरचा नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. तो गेला तेव्हा मुअल्ला बारा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी ती टेकडीवरच्या शिबिरात बिनइंजिनाच्या विमानात बसली आणि घरी आली ती आनंदाने जेवणच विसरली. पुढे वैमानिकांच्या तुकडीत वीस मुलगे आणि ही एकटी.

शेजारची शाजिये कुंपणावरून विचारायची, "काय गं हाजेर, पोरगी आभाळात राहायला गेली. आता जावई काय कावळा करणार?"

"कावळा तर कावळा. तुझ्या जावयापेक्षा कमी कलकल करेल."

दोघी हसत. पण डोक्यावरून विमान गेलं की हाजेरच्या हातातली पळी थांबायची.

त्या जानेवारीत मुअल्ला पहिल्यांदाच एकटी जेट नेणार होती. सकाळी हाजेरला तांब्या पुरेसा वाटेना. तिने अख्खी बादली ओतली. मुअल्ला फाटकापर्यंत जाऊन थांबली. हातमोजे घरातच राहिले होते. ती परत वळली, तोवर पायरीवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता.

ती उजव्या मनगटावर पडली.

"दाखव."

"काही नाही गं आई."

"मूठ मिटव बघू."

तिने मिटली. ओठ पांढरे पडले.

"आज नको जाऊस. ताप आलाय म्हणून सांग."

"म्हणजे ते काय म्हणतील? बाई दारातच आपटली! मग बसवतील कायमची कचेरीत कागद चिकटवायला. आई, तू कुणाला बोललीस ना, तर मी जन्मभर तुझं तोंड बघणार नाही."

हाजेरने आतून आणलेले हातमोजे तिने दातांनी ओढून चढवले. फाटकातून काहीतरी म्हणाली, ते हाजेरच्या कानांत शिरलंच नाही.

थोड्या वेळाने हाजेर रुश्तूच्या किराणा दुकानात उभी होती. आळीतला एकमेव फोन तिथे होता.

"सकाळी सकाळी कुणाला, ताई? होणाऱ्या जावयाला?"

"विमानतळ लावून दे."

पलीकडे एक तरुण आवाज आला. "कोण?"

"मी मुअल्लाची आई."

"काय झालं मावशी? पोरगी डबा विसरली का?"

त्याच्या मागे दोघं-तिघं हसले. हाजेरला ती अख्खी खोली दिसली, आणि त्या खोलीत खाली मान घालून उभी असलेली मुअल्ला. एकच वाक्य पुरे होतं. त्या वाक्याने मुलगी जमिनीवर राहिली असती, आणि पुन्हा कधी आईची झाली नसती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काही नाही," ती म्हणाली. "थंडी फार आहे. हातमोजे घालायला सांगा तिला."

ती रस्त्यावर आली तेव्हा विमान डोक्यावरून गेलं. आवाज डोंगरांकडे गेला. ती तिथेच उभी राहिली. बर्फ भुरभुरू लागला, शाजियेने येऊन तिच्या खांद्यांवर शाल टाकली, तरी ती हलेना. आवाज परत आला नाही.

दुपारी दोन अधिकारी टोप्या काखेत धरून फाटकाशी आले. डोंगरावर ढग अचानक खाली उतरला, म्हणाले. मनगटाचं त्यांना ठाऊक नव्हतं. हाजेरने सांगितलं नाही. ढग की मनगट, विमान कशाने पडलं हे तिला कधीच कळलं नाही, आणि शाजियेशीही ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

तिने पुन्हा कुणाच्याही मागे पाणी ओतलं नाही. त्याच संध्याकाळी शेगडीतली राख उपसताना तिला ऐकू आलं, मुअल्ला फाटकातून काय म्हणाली होती ते.

"आई, पायरीवर राख टाकून ठेव. तू घसरशील."