गुरुवारचा द्राक्षारस

आमच्या चर्चच्या मंडळीत पवित्र सप्ताहाची कामे कुणी वाटून दिलेली नाहीत. ती एकेका घराला चिकटलेली आहेत. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्या कोण आणणार, उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेआधी माठ कोण भरणार, ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात बाजाची पेटी कोण नेणार, हे कुठे लिहिलेले नाही आणि कुणी विचारतही नाही. गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत होणाऱ्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस माझ्या आत्याकडे आहे. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, निवृत्त परिचारिका. धुळ्यात, देवपूरला, आमच्या घराला लागूनच राहते.

तिची पद्धत ठरलेली आहे. बुधवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, गुरुवारी दुपारी खळखळून उकळायच्या, रवीने घोटायच्या आणि रस वाफाळता असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायचा. बोटे भाजतात. संध्याकाळी तो अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत भरला जातो. त्यात दारूचा अंश नसावा याबाबत आमची मंडळी कडक आहेच. आमच्या घरात मात्र या नियमाला वेगळे वजन आहे.

पप्पांनी दारू सोडली तेव्हा मी दहावीत होते. तेव्हापासून ते खोकल्याच्या औषधावरची बारीक अक्षरे भिंग लावून वाचतात, होमिओपॅथीचे थेंब घेत नाहीत, नाताळात कुणी केक पुढे केला तर आधी विचारतात. सुरुवातीची काही वर्षे गुरुवारी पेल्यांचे तबक समोर आले की ते मान हलवून पुढे सरकवत. मग एके वर्षी आत्याने त्यांना दुपारभर स्वयंपाकघरात बसवून घेतले. भिजवलेल्या मनुकांपासून गाळलेल्या रसापर्यंत सगळे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या संध्याकाळी पेला उचलला. आता ते मंडळीचे पंच आहेत. तबक तेच फिरवतात आणि स्वतःचा पेला सर्वांत शेवटी घेतात. काही न विचारता ते ओठांना लावतात असा तो वर्षातला एकच पेला.

यंदा आत्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्यांवर काळा चष्मा आणि शेगडीजवळ जायला बंदी. काम माझ्याकडे आले.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. जळगावला एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते आहे. कोणतीही पद्धत हाती आली की तिच्यात सुधारणा सुचणे हा माझा स्वभाव आहे. गुरुवारी रजा अर्ध्याच दिवसाची होती, म्हणून झावळ्यांच्या रविवारीच मनुका भिजत घातल्या आणि सोमवारी रस केला. उकळीने चव बिघडते म्हणून तापमापी लावून सत्तर अंशांवर थांबले. बाटल्या कुकरमध्ये निर्जंतुक केल्या. रस गाळण्याआधी पूर्ण थंड होऊ दिला, कारण बोटे भाजून घेण्यामागे मला काही शास्त्र दिसले नाही. आत्याच्या लहानशा फ्रीजमध्ये जागा नव्हती. बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीजवळ ठेवल्या.

"फ्रीजमधलं काही काढू का?" आत्याने विचारले होते.

"आत्या, बाटल्या सीलबंद आहेत. आत काही जिवंतच नाही."

"बरं बाई," ती म्हणाली, "तुमचं शिक्षण मोठं."

गुरुवारी दुपारी साडेबाराला मी जळगावहून पोहोचले आणि पहिल्या बाटलीचे झाकण फिरवले. फस्स असा आवाज झाला. दुसरीचाही तसाच. रसावर बारीक फेस होता आणि वास ओळखीचा होता; प्रयोगशाळेतला नव्हे, माझ्या शाळकरी वर्षांतला, आमच्या पुढच्या खोलीतला.

कारण कळायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. तापवलेला रस थंड करून मी तो अंगणातल्या दोरीवरून काढलेल्या फडक्यातून गाळला होता. बाटली निर्जंतुक आणि फडके धुळ्याच्या वाऱ्यात वाळलेले, हवेतले यीस्ट चिकटलेले. पुढचे काम तीन दिवसांच्या उकाड्याने केले. नव्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला सगळ्यांसमोर सुनावले असते.

उपासना साडेसहाला होती. आत्या दारात उभी राहून हुंगत होती.

"आंबलं ना?"

"थोडंसं. पण आत्या, ऐक. आता तासभर उकळते. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जातं. मग जे उरेल ते अगदी नगण्य असेल."

"म्हणजे उरेल."

"मोजता येणार नाही इतकं."

आत्या रागावली की तिची भाषा अहिराणीवर जाते. "तुना बापले नगण्य बी चालत नही," ती म्हणाली. "वास आला तरी तबक खाली ठेवीन तो. आन् पुढच्या साली हात लावाव नही. वत ते बठ्ठं मोरीत."

मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. तिच्या वाक्यात एकही आकडा नव्हता.

नव्या मनुका भिजायला रात्र लागते. आत्या काळ्या चष्म्याआडून माझ्या दिशेने बघत म्हणाली, "अगं, मनुका कशाच्या असतात?"

माझ्या लहानपणापासून आम्ही एप्रिलमध्ये मनुका उकळत आलो आणि त्याच दिवसांत पांझरेच्या पुलापलीकडे हातगाड्यांवर द्राक्षे विकली जात होती. हे समोर दिसत असूनही माझ्या डोक्यात आले नव्हते. मी स्कूटी काढली.

"काळी हवीत? शेवटचा माल आहे, ताई," फळवाला म्हणाला. "थोडी मऊ पडली आहेत. सलाडला नाही चालणार."

"पिळायची आहेत. सगळी द्या."

"सगळी? लग्न आहे का घरी?"

"जेवण आहे. माणसं दीडशे, पण घोटच घेतात."

तो हसला आणि वर मूठभर जास्त टाकली.

उरलेली दुपार आत्याने खुर्चीवर बसून राज्य केले. द्राक्षे तीनदा धुवायला लावली, नासका मणी बोटाने चाचपून बाहेर काढला. मी तापमापी पिशवीतून काढलीच नाही.

"उकळी आली का गं?"

"येतेय."

"नाही आली. आली की मला ऐकू येते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता आली." मी झाकण उचलले तर खरोखर आली होती. फडके आधी वेगळ्या पाण्यात उकळून घेतले आणि रस वाफाळता असतानाच पिळला. उजव्या हाताची चार बोटे भाजली. आत्या म्हणाली, "आता जमलं."

सव्वासहाला चर्चमागच्या खोलीत पप्पा तबक घ्यायला आले. पांढरा सदरा, केस पाण्याने बसवलेले. त्यांना काहीच माहीत नव्हते आणि मी गप्प राहिले असते तर कळलेही नसते. पण त्यांनी ज्या भरवशावर पेला घेतला होता तो बघण्यावर उभा होता, आणि यंदा त्यांनी काही पाहिले नव्हते. मी सगळे सांगितले: सोमवार, फडके, फेस, मोरी, हातगाडी.

ते पेल्यांच्या ओळींकडे बघत राहिले. बाहेर पेटीवर पहिल्या गीताचे सूर सुरू झाले होते.

"बाटल्या कुठे आहेत?"

"धुऊन उन्हात ठेवल्या."

"आणि हे कधी केलंस?"

"आज दुपारी. आत्या समोर होती."

"तिला दिसत नाहीये."

"ऐकत होती."

ते पहिल्यांदा किंचित हसले. मग माझा हात उलटा करून बोटे पाहिली, लाल झालेली चारही. तबक उचलले आणि दाराने आत गेले.

मी शेवटच्या बाकावर आत्याशेजारी बसले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. मग पप्पा ओळीओळीने तबक घेऊन फिरले आणि आत्या माझ्या कानाशी "आता कुठे आला? आता?" विचारत राहिली. मी सांगत राहिले. शेवटी ते वेदीपाशी परतले. तबकात एकच पेला उरला होता. त्यांनी तो उचलला आणि क्षणभर नाकाजवळ धरला. एरवी ते तसे करत नाहीत.

"घेतला का?" आत्या कुजबुजली.

त्यांनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

"घेतला," मी म्हणाले.