आणे फीडरवरची दोन परमिटं

"मॅडम, आमचं काम झालं. लाईन घ्या," सुरेश वायरमन फोनवर म्हणाला आणि मी आणे फीडर चालू केला.

फीडर म्हणजे सबस्टेशनवरून ठरावीक गावांना जाणारी लाईन. वायरमन पोलवर चढण्याआधी ऑपरेटर ती बंद करतो आणि तसं कागदावर लिहून देतो. तो कागद म्हणजे परमिट. काम झालं की वायरमननं सही करून ते परत करायचं, मगच लाईन चालू करायची. पण आळेफाट्याजवळच्या आमच्या सबस्टेशनला एका सहीसाठी आण्याच्या पठारावरून कोण येणार? सगळं फोनवर चालायचं.

त्या दिवशी एकाच फीडरवर दोन परमिटं होती. सुरेशचं मी वहीत लिहिलं. दुसऱ्या वायरमनचा, दत्तूभाऊंचा, परमिटसाठी फोन आला तेव्हा भलताच एक फीडर ट्रिप होऊन बंद पडला होता. त्यांचं नंतर लिहू म्हटलं आणि विसरले. मी लाईन चालू केली तेव्हा दत्तूभाऊ पोलवर होते. जीव वाचला, उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "काम झाल्याचा दत्तूचा फोन आला होता?"

"आला होता," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. सकाळी परमिट मागायला केलेला त्यांचा फोन रेकॉर्डवर होताच, तोच काम झाल्याचा म्हणून खपून गेला. फोन करूनही पोलवर राहिले ही त्यांची, सही न घेता लाईन दिली ही माझी, अशी दोघांचीही चूक, असा रिपोर्ट झाला.

मग मी आजारी पडले. फोन वाजला तरी उचलायचे नाही. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मरून जावं असं वाटायचं. नारायणगावच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्यांनी झोप आली, भूक लागायला लागली. पण रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा द्राक्षरसाचा, प्याला समोर आला की मी तो न घेताच पुढे सरकवायचे. कुणाचा अपराध केला असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मग प्याला घ्यायचा, हे आमच्यात लहानपणापासून शिकवतात. सात महिने असेच गेले.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले. मी सगळं सांगून टाकलं. "गोळ्या बंद करू का? प्रार्थनेनं बरं वाटेल ना?"

"गोळ्या अजिबात बंद करू नका. त्या आजारावर आहेत. खोट्यावर गोळी नसते, बाई."

"देव माफ करेल मला?"

"प्रभूनं वधस्तंभावर तेच केलंय. त्याच्या आधारानं दत्तूभाऊंकडे जा."

वाटभर प्रार्थना करत आण्याला गेले. दत्तूभाऊ ओट्यावर डाव्या हातानं कांदे निवडत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"हात गेला, ती चूक व्हती मॅडम. पण सात महिनं मी डोकं खाजवतोय, मी फोन केला व्हता का? पोरगी इचारती, आबा, तुमीच लाईन घ्या म्हनाला का? मला वाटायचं, शॉकमधी इसारलो आसन."

मी रडायला लागले.

"रडू नका. सायबाला लिहून द्या, मंग या."

साहेब वैतागले. "बंद झालेली केस कशाला उकरता? सस्पेंड व्हाल."

"माहीत आहे, सर."

झालेही. पण त्या दिवशी खरं काय ते लिहिलेल्या अर्जावर मी एका दमात सही केली. ते बळ माझं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

दत्तूभाऊंची चूक नाही, असं लिहिलेल्या सुधारित रिपोर्टची कॉपी घेऊन पुन्हा आण्याला गेले. दत्तूभाऊंनी लेकीला ती मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाले, "परत वाच." दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"केलं माफ, ताई. आता चहा घ्या."

पुढच्या रविवारी मी प्याला घेतला.

सस्पेन्शन संपलं, आता पुन्हा ड्यूटीवर आहे. एक गोळी अजून चालू आहे. परमिट मी कागदावरच देते, कागदावरच परत घेते. वायरमन कुरकुरतात, मी कुरकुरू देते. माणूस पोलवर असताना फोनवर विसंबायचं नाही, स्वतःच्या आठवणीवर तर मुळीच नाही. आणि चूक झालीच, तर ती त्याच दिवशी, जशी झाली तशी लिहायची.